पॅरा-फ्लुओरो-फेनिलॲलानीन : प्रथिनसंश्लेषणाची पारख करणारे एक कृत्रिम अमिनो आम्ल

सजीवांची प्रथिने सामान्यतः वीस अमिनो आम्लांपासून बनतात आणि प्रत्येक प्रथिनात ह्या आम्लांचा क्रम ठरलेला असतो. शेकडो घटकांच्या शृंखलेत योग्य जागी योग्य आम्ल बसविण्याचे हे कार्य पेशी इतक्या अचूकपणे करते की, नेहमीच्या प्रयोगात तिची चूक सहसा नजरेस येत नाही. परंतु जी यंत्रणा चुकत नाही तिची निवड कोणत्या खुणेवरून होते हे कळणेही कठीण असते. पारखी खरे-खोटे नाणे कशावरून ओळखतो हे जाणावयाचे असेल, तर त्याच्या हाती खऱ्यासारखे दिसणारे खोटे नाणे द्यावे लागते. जीवरसायनशास्त्रात हे काम अमिनो आम्लांची कृत्रिम प्रतिरूपे करतात. त्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासिल्या गेलेल्या प्रतिरूपांत पॅरा-फ्लुओरो-फेनिलॲलानीन ह्या संयुगाची गणना होते. ह्या लेखात ते सोयीसाठी 'फ्लुओरो-प्रतिरूप' ह्या नावाने उल्लेखिले आहे.

रचना व आकार

फेनिलॲलानीन ह्या नैसर्गिक आम्लाच्या पार्श्वशृंखलेत एक बेंझीन वलय असते. ह्या वलयाच्या टोकाशी, म्हणजे पॅरा-स्थानी, असलेल्या हायड्रोजन अणूच्या जागी फ्लुओरिनाचा अणू आला म्हणजे फ्लुओरो-प्रतिरूप तयार होते. त्याच जागी हायड्रॉक्सिल गट आला तर टायरोसीन हे दुसरे नैसर्गिक अमिनो आम्ल मिळते. म्हणजे एकाच स्थानी हायड्रोजन, फ्लुओरीन व हायड्रॉक्सिल असे तीन पर्याय असून, पहिला व तिसरा पेशीच्या परिचयाचा आहे. दुसरा मात्र तिच्या अनुभवाबाहेरचा आहे. सेंद्रिय फ्लुओरीन-संयुगे निसर्गात अत्यंत विरळ आहेत. स्ट्रेप्टोमायसेस कॅटलिया हा सूक्ष्मजीव ४-फ्लुओरो-थ्रिओनीन तयार करतो असे १९८६ मध्ये आढळले, तथापि हे उदाहरण अपवादात्मकच होय.

हायड्रोजनाची व्हॅन डर व्हाल्स त्रिज्या १.२० अँगस्ट्रॉम, फ्लुओरिनाची १.४७ व क्लोरिनाची १.७५ अँगस्ट्रॉम मानली जाते. कार्बन-हायड्रोजन बंधाची लांबी सुमारे १.०९ अँगस्ट्रॉम, तर कार्बन-फ्लुओरीन बंधाची सुमारे १.३५ अँगस्ट्रॉम असते. ह्यावरून असे दिसते की, फ्लुओरीन बसविल्याने रेणूची लांबी थोडीशीच वाढते. क्लोरीन बसविल्यास ती बरीच वाढते. विद्युत्-गुणांत मात्र मोठा पालट होतो, कारण फ्लुओरीन हे सर्वांत अधिक विद्युत्-ऋण मूलद्रव्य आहे आणि ते बेंझीन वलयातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते. आकाराने जवळजवळ सारखे व विद्युत्-दृष्ट्या भिन्न, ह्या दुहेरी स्वभावात ह्या संयुगाच्या उपयुक्ततेचे मूळ आहे.

स्पर्धात्मक निरोधकाची कल्पना

१९४० मध्ये वूड्स ह्यांनी दाखविले की, सल्फानिलमाइड ह्या औषधाचा जंतूंवरील परिणाम पॅरा-अमिनो-बेंझोइक आम्लाने नाहीसा होतो. दोन्ही रेणूंची घडण सारखी असल्यामुळे औषध हे पोषक द्रव्याची जागा अडविते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. त्यानंतर अनेक पोषक द्रव्यांची प्रतिरूपे बनवून पाहण्याची लाटच आली. १९४७ मध्ये मिचेल व नीमन ह्यांनी फेनिलॲलानीन व टायरोसीन ह्यांच्या हॅलोजनयुक्त प्रतिरूपांमुळे ह्या आम्लांच्या चयापचयास होणारा स्पर्धात्मक अटकाव प्रसिद्ध केला. प्रतिरूपाने सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते आणि माध्यमात नैसर्गिक आम्ल पुरेसे घातले असता ती पुन्हा सुरू होते, हे अशा निरोधाचे लक्षण आहे.

ह्या काळापर्यंत प्रतिरूप म्हणजे कुलुपात अडकलेली खोटी किल्ली, अशी कल्पना होती. खोटी किल्ली कुलूप उघडूनही जाऊ शकते, ही शक्यता पुढे आली ती १९५० नंतरच्या दशकात.

प्रथिनात प्रवेश

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये म्यूनिए व कोएन ह्यांनी १९५६ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे सिद्ध केले की, एश्चेरिकिया कोलाय ह्या जंतूच्या प्रथिनांत फ्लुओरो-प्रतिरूप प्रत्यक्ष समाविष्ट होते, व तेही फेनिलॲलानिनाच्या जागी. ह्याच सुमारास, १९५७ मध्ये, कावी व कोएन ह्यांनी मेथिओनिनाऐवजी सेलेनो-मेथिओनीन वापरूनही हा जंतू वाढू शकतो हे दाखविले. ह्या दोन निरीक्षणांनी प्रथिनांच्या घटकद्रव्यांविषयीची कल्पना बदलली. पेशी वीस आम्लेच वापरते ह्याचे कारण ती इतर सर्व द्रव्ये ओळखून नाकारते असे नव्हे. इतर द्रव्यांपैकी पुष्कळशी तिच्यासमोर कधी आलेलीच नसतात, हेही त्याचे एक कारण आहे.

फ्लुओरो-प्रतिरूप घातल्यावर जंतूंच्या वाढीचा वक्र मोठा बोधप्रद असतो. नेहमीची वाढ घातांकी असते, कारण नवीन तयार झालेली यंत्रसामग्री स्वतःच आणखी यंत्रसामग्री तयार करते. प्रतिरूप दिल्यावर वाढ थांबत नाही, पण ती रेषीय होते. म्हणजे समान काळात समान भर पडते. ह्याचा सरळ अर्थ असा की, आधीची निर्दोष यंत्रणा चालू राहते व प्रथिने बनतच राहतात, परंतु नव्या प्रथिनांतील बराच भाग पुढील उत्पादनास निरुपयोगी ठरतो. कारखान्यात माल निघतो, मात्र नवी यंत्रे उभी राहत नाहीत.

सर्वच प्रथिने सारखी बिघडत नाहीत. एश्चेरिकिया कोलायच्या अल्कलाइन फॉस्फेटेज ह्या एंझाइमात फेनिलॲलानिनाच्या जागा यदृच्छेने प्रतिरूपाने व्यापल्या तरी क्रियाशील एंझाइम मिळते, असे रिचमंड ह्यांनी १९६३ मध्ये दाखविले. सशांच्या आहारात प्रतिरूप घालून त्यांच्या स्नायूंतून काढलेली एंझाइमेही क्रियाशील आढळली. ह्याउलट उदाहरण साल्मोनेला जंतूच्या कशाभिकांचे आहे. कशाभिका म्हणजे जंतूस पोहण्यास साहाय्य करणारे मळसूत्री तंतू. १९६० च्या सुमारास केरिज ह्यांना असे आढळले की, फ्लुओरो-प्रतिरूपाच्या सान्निध्यात वाढलेल्या जंतूंच्या कशाभिका कुरळ्या होतात. त्यांची तरंगलांबी नेहमीच्या सुमारे निम्मी असते आणि असे जंतू नीट पोहू शकत नाहीत. तंतू बनतो, पण त्याचा पीळ बदलतो. काही अणूंच्या फरकाचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या आकारापर्यंत कसा पोहोचतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

फसगत नेमकी कोठे होते ?

प्रथिनसंश्लेषणात अनेक पायऱ्या आहेत. त्यांपैकी कोणत्या पायरीवर प्रतिरूप खपून जाते, हा पुढचा प्रश्न. अमिनो आम्ल प्रथम एटीपीच्या साहाय्याने उत्तेजित होते, नंतर आपल्या वाहक आरएनएला जोडले जाते व शेवटी रायबोसोमवर संदेशक आरएनएच्या आज्ञेनुसार शृंखलेत बसते. पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक आम्लासाठी स्वतंत्र असलेले सिंथेटेज एंझाइम पार पाडते.

१९६२ मध्ये शापव्हिल व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या बाबतीत निर्णायक प्रयोग केला. सिस्टीन आपल्या वाहकास जोडले गेल्यावर त्यांनी रासायनिक क्रियेने त्यातील गंधक काढून टाकले. त्यामुळे सिस्टिनाच्या वाहकावर ॲलानीन बसलेले असा संकर तयार झाला. रायबोसोमने हे ॲलानीन सिस्टिनाच्या जागी बसविले. ह्यावरून असा निष्कर्ष निघाला की, रायबोसोम वाहकाची खूण पाहतो, त्यावरील आम्लाची ओळख पटवून घेत नाही. एकदा वाहकावर चढलेले चुकीचे आम्ल सहसा पुढे जाणारच. म्हणून प्रतिरूपाची खरी परीक्षा सिंथेटेजापाशी होते. ज्या कृत्रिम संदेशकाने १९६१ मध्ये निरेनबर्ग व मथाई ह्यांना फेनिलॲलानिनाची शृंखला मिळवून दिली, त्याच पॉली-यूच्या साहाय्याने फ्लुओरो-प्रतिरूपही पेशीविरहित द्रावणात शृंखलेत जाते, असे आर्नस्टाइन व रिचमंड ह्यांच्या १९६४ मधील प्रयोगांत दिसून आले.

त्याच वर्षी फँगमन व नाइडहार्ट ह्यांनी ह्या तर्कास आनुवंशिक पुरावा दिला. फ्लुओरो-प्रतिरूपास न जुमानणारा एश्चेरिकिया कोलायचा एक उत्परिवर्ती प्रकार त्यांनी अभ्यासिला. त्याच्या पेशींतील फेनिलॲलानीन-सिंथेटेज बदललेले होते. ते नैसर्गिक आम्ल स्वीकारी, परंतु प्रतिरूप नाकारी. पुढे १९९१ मध्ये कास्ट व हेनेके ह्यांनी हा गुण देणारा बदल एकाच घटकापर्यंत आणून भिडविला. सिंथेटेजाच्या आल्फा उपघटकात २९४ व्या स्थानी ॲलानिनाऐवजी सेरीन आले की, फ्लुओरिनास पुरेशी जागा उरत नाही. उलट त्याच स्थानी ॲलानिनाहून लहान असलेले ग्लायसीन बसविले, तर पोकळी मोठी होऊन एरवी वर्ज्य असलेले पॅरा-क्लोरो-प्रतिरूपही स्वीकारले जाते. थर्मस थर्मोफिलस ह्या जंतूतील ह्याच एंझाइमाची स्फटिकरचना १९९५ मध्ये उकलल्यावर ह्या पोकळीचे स्वरूप प्रत्यक्ष पाहता आले.

टायरोसिनाशी तुलना केली असता ही गोष्ट अधिक उलगडते. फेनिलॲलानिनाच्या सिंथेटेजास टायरोसीन टाळणे अत्यावश्यक आहे, कारण ते पेशीत सदैव उपस्थित असते. त्यासाठी एंझाइमात दुहेरी बंदोबस्त आहे : क्रियाशील पोकळी टायरोसिनास बहुधा प्रवेश देत नाही, आणि चुकून वाहकावर चढलेले टायरोसीन एका वेगळ्या तपासणी-स्थानी तोडून टाकले जाते. फ्लुओरो-प्रतिरूप दोन्हींतून निसटते. ते पोकळीत मावण्याइतके लहान आहे आणि त्याच्यापाशी तपासणीस सापडेल असा हायड्रॉक्सिल गट नाही. पेशीची अचूकता ही अमर्याद नसून तिला नित्य भेटणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपुरती बेतलेली आहे, असे म्हणावे लागते.

दुसरी फसगत : नियमनाची

प्रथिनात शिरण्याखेरीज प्रतिरूप आणखी एका मार्गाने पेशीस फसविते. सुगंधी अमिनो आम्लांच्या निर्मितीमार्गातील पहिल्या एंझाइमाचा एक प्रकार फेनिलॲलानीन पुरेसे झाले की मंदावतो. प्रतिरूपाची उपस्थिती हीही 'पुरे झाले' अशी खूण समजली जाऊ शकते, व खरे आम्ल कमी असतानाही त्याचे उत्पादन थांबते. म्हणून प्रतिरूपास दाद न देणारे उत्परिवर्ती प्रकार दोन वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होतात. काहींचे सिंथेटेज अधिक चोखंदळ होते. काहींचे नियमन सैल होऊन फेनिलॲलानीन इतके अधिक बनते की, त्या गर्दीत प्रतिरूप मागे पडते.

हा दुसरा प्रकार उद्योगास उपयोगी पडला. जपानमध्ये हागिनो व नाकायामा ह्यांनी १९७४ मध्ये कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम ह्या जंतूचे असे प्रतिरूप-रोधक प्रकार निवडून किण्वनाने फेनिलॲलानीन मिळविल्याचे प्रसिद्ध केले. वाढ रोखणारे द्रव्य निवडीचे चाळण म्हणून वापरावे आणि चाळणीतून उतरलेल्या जंतूंत अधिक उत्पादन करणारा शोधावा, ही पद्धत त्यानंतर सर्वपरिचित झाली.

संशोधनाचे साधन

फ्लुओरो-प्रतिरूपाचा उपयोग अनेक शाखांत झाला आहे. १९६१ मध्ये लोआस ह्यांनी ॲस्परजिलस नायजर ह्या बुरशीच्या द्विगुणित पेशी ह्या द्रव्याच्या प्रभावाखाली गुणसूत्रे गमावून एकगुणित होतात असे दाखविले. १९६५ मध्ये मॅककली व फोर्ब्स ह्यांनी ॲस्परजिलस निड्युलन्समधील जनुके कोणत्या सहलग्नता-गटात आहेत हे ठरविण्यासाठी ही पद्धत वापरली. लैंगिक संकर न करताही जनुकांची गटवारी करण्याचा एक सोपा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला.

विषाणूंच्या अभ्यासात १९७० मध्ये जेकबसन, आसो व बाल्टिमोर ह्यांनी पोलिओ विषाणूने ग्रासलेल्या पेशींना अमिनो आम्लांची प्रतिरूपे दिली. सदोष घडण झालेली शृंखला नेहमीप्रमाणे तुकड्यांत कापली गेली नाही, आणि विषाणूची प्रथिने प्रथम एका प्रचंड शृंखलेच्या रूपाने बनतात ह्या मतास बळकटी आली. पेशीतील प्रथिनांच्या विघटनावरही असाच प्रकाश पडला. प्रतिरूपयुक्त प्रथिने जंतूंत लवकर तोडली जातात असे १९६७ मध्ये पाइन ह्यांनी व १९७२ मध्ये गोल्डबर्ग ह्यांनी दाखविले. सदोष माल ओळखून नष्ट करणारी व्यवस्था पेशीत असते, ही कल्पना अशा प्रयोगांतून दृढ झाली.

अर्थ लावताना घ्यावयाची दक्षता

ह्या साधनाचा वापर जितका सुलभ, तितकेच त्यावरून काढलेले निष्कर्ष घसरणीचे असतात. पहिली चूक म्हणजे ह्या द्रव्यास 'प्रथिनसंश्लेषणाचा निरोधक' म्हणून क्लोरँफेनिकॉल किंवा प्यूरोमायसीन ह्यांच्या पंक्तीस बसविणे. ह्या द्रव्यांनी पूर्ण लांबीच्या शृंखलांची निर्मिती बंद पडते. फ्लुओरो-प्रतिरूपाने ती चालूच राहून सदोष शृंखला बनतात. किरणोत्सर्गी ल्यूसिनाचा समावेश मोजणाऱ्यास अशा वेळी संश्लेषण जवळजवळ अबाधित दिसेल; एंझाइमाची क्रिया मोजणाऱ्यास ते थांबल्यासारखे वाटेल. दोघांचेही मापन बिनचूक असते, मात्र दोघांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात.

दुसरी बाब संमिश्रतेची. एखाद्या प्रथिनात फेनिलॲलानिनाच्या ८ जागा आहेत व प्रत्येक जागी प्रतिरूप येण्याची शक्यता निम्मी आहे असे मानू. तर २५६ भिन्न प्रकारचे रेणू संभवतात. पूर्णपणे नैसर्गिक रेणू २५६ मध्ये १ आणि पूर्णपणे बदललेला रेणूही २५६ मध्ये १ एवढाच असेल. अशा मिश्रणाची क्रियाशीलता म्हणजे सरासरी होय. शिवाय प्रथिन शुद्ध करताना नीट घडी न बसलेले रेणू बहुधा आधीच गाळले जातात अथवा पेशीतच नष्ट झालेले असतात. तेव्हा 'प्रतिरूपाने एंझाइमास बाध येत नाही' ह्या विधानाचा अर्थ काही वेळा 'ज्यांना बाध आला ते रेणू हाती लागले नाहीत' एवढाच असू शकतो.

तिसरी बाब प्राण्यांवरील प्रयोगांची. यकृतातील फेनिलॲलानीन-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम फ्लुओरो-प्रतिरूपावरही क्रिया करून फ्लुओराइड मुक्त करते व टायरोसीन बनविते, असे कॉफमन ह्यांनी १९६१ मध्ये दाखविले. म्हणजे दिलेल्या द्रव्याचा काही अंश नैसर्गिक आम्लात रूपांतरित होतो आणि फ्लुओराइडाचा स्वतंत्र परिणामही विचारात घ्यावा लागतो. तसेच प्रयोगशाळेत बनविलेले संयुग डी व एल ह्या दोन्ही रूपांचे मिश्रण असल्यास, प्रथिनात जाणारा अंश केवळ एल-रूपाचा असतो हे मात्रा ठरविताना विसरता कामा नये. ह्या सर्वांवर किमान उपाय म्हणजे दोन तुलना : एकीत प्रतिरूपासह पुरेसे फेनिलॲलानीन देऊन परिणाम नाहीसा होतो काय हे पाहावे, दुसरीत त्याच पेशींचा सिंथेटेज बदललेला प्रकार घ्यावा. दुसऱ्या तुलनेतही परिणाम कायम राहिला, तर त्याचे मूळ प्रथिनाच्या घडणीत नसून अन्यत्र शोधावे लागेल.

यादृच्छिकाकडून नियोजिताकडे

संमिश्रतेची अडचण दूर करण्यासाठी इष्ट जागीच प्रतिरूप बसविण्याची युक्ती हवी होती. १९८९ मध्ये नोरेन, शुल्ट्झ व सहकारी ह्यांनी पेशीविरहित द्रावणात ती साधली. बीटा-लॅक्टमेज ह्या एंझाइमाच्या ६६ व्या स्थानी संदेशात विरामसंकेत घालून व तो वाचणाऱ्या वाहकावर रासायनिक रीतीने प्रतिरूप चढवून त्यांनी त्या एकाच जागी फ्लुओरो-प्रतिरूप व इतर काही आम्ले बसविली. १९९८ मध्ये फुर्टर ह्यांनी जिवंत जंतूत हे घडवून आणले. त्यांनी यीस्टमधील सिंथेटेज व विरामसंकेत वाचणारा वाहक ही जोडी एश्चेरिकिया कोलायमध्ये आणली. योजिलेल्या जागी ६४ ते ७५ टक्के रेणूंत प्रतिरूप आले. ह्या प्रयोगासाठी निवडलेला जंतू फ्लुओरो-प्रतिरूपास न जुमानणारा होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याचे स्वतःचे सिंथेटेज प्रतिरूप नाकारीत असल्यामुळेच ते इतर जागी फारसे पसरले नाही. एके काळी केवळ निरोधाचे कोडे सोडविण्यासाठी जतन केलेला गुण अशा रीतीने नव्या तंत्राचा आधार झाला.

फ्लुओरिनाचा आणखी एक गुण ह्या पद्धतीस पूरक ठरला. निसर्गातील सर्व फ्लुओरीन १९ अणुभाराचेच असून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनात त्याचा संकेत हायड्रोजनाच्या खालोखाल प्रबळ असतो. नैसर्गिक प्रथिनांत फ्लुओरीन नसल्यामुळे पार्श्वभूमी निरभ्र राहते. १९७४ मध्ये साइक्स, वाइनगार्टन व श्लेसिंगर ह्यांनी फ्लुओरो-टायरोसीन घातलेल्या अल्कलाइन फॉस्फेटेजाच्या अभ्यासातून ह्या पद्धतीचे सामर्थ्य दाखविले. प्रथिनातील एका विशिष्ट वलयाच्या भोवती काय घडते, हे फ्लुओरिनाचा अणू त्या जागेवरूनच कळवितो.

एका हायड्रोजनाच्या जागी एक फ्लुओरीन, एवढ्याच बदलाने ह्या संयुगाने तीन प्रश्नांची उत्तरे मिळवून दिली : निवड सिंथेटेजापाशी होते, तिची कसोटी आकार व विशिष्ट गट ह्यांवर अवलंबून असते, आणि ती कसोटी एका घटकाच्या बदलाने कडक किंवा सैल करता येते. पेशीची चूक अभ्यासाचा विषय झाली, म्हणून तिच्या अचूकतेची कारणे समजू शकली. प्रतिरूपांचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावयाचे तेही ह्यातच आहे. आपल्या प्रयोगात पेशी कोणत्या टप्प्यावर फसली हे निश्चित झाल्याशिवाय, तिच्या वर्तनावरून काढलेले अनुमान पुरे झाले असे मानता येत नाही.